साडेचार हजारांचा फरक

बेळगावच्या खडेबाजारात एक सोसायटी होती. अजून आहे, पण गोष्ट सांगताना होती म्हणायचा रिवाज आहे. खाली कापडाचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर काउंटर आणि काउंटरच्या मागं एसीच्या खोलीत सर्व्हर. शाखा खानापूरला, शहापूरला, निपाणीला, आणखी दोन-चार ठिकाणी. सभासद म्हणजे गणपत गल्ली, मारुती गल्ली, समादेवी गल्लीतले दुकानदार, फळांच्या गाडीवाले, निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायका. मोठा ठेवीदार एखादाच. सोसायटी चालायची ती पिग्मीवर, म्हणजे रोजच्या किरकोळ बचतीवर.

ही पिग्मी आपल्याकडं आली उडुपीहून. पुढं सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेनं १९२८ साली दारोदार माणसं पाठवून रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. ती बँक एप्रिल २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पाटी उतरली, पण पिग्मी काही उतरली नाही. बेळगावात आजही दुकानदार दुपारचा चहा एक वेळ चुकवेल, पिग्मी चुकवणार नाही.

सोसायटीच्या साठेक पिग्मीवाल्यांत सगळ्यात जुने मामा. त्यांचं नाव रजिस्टरात होतं, बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी तीनला निघायचे, एका हातात मशीन, खांद्याला पिशवी, पिशवीत लाल कापडी बांधणीची वही. मशीन आलं तेव्हा मॅनेजरनी सांगितलं होतं, मामा, आता वही बंद. मामांनी हो म्हटलं आणि वही चालूच ठेवली. मशीन पावती काढून द्यायचं, मामा वहीत पेन्सिलीनं नाव, रक्कम आणि वेळ लिहायचे. सातला जिना चढायचे, सव्वासातला मशीन काउंटरवरच्या वायरीला लावायचे. मशीनमधल्या शंभरेक पावत्या मग एकामागून एक सर्व्हरकडं जायच्या. तिथं नोंद झाली की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मेसेज जायचा, पाचशे रुपये जमा. हे सगळं पाच मिनिटांत व्हायचं, मामा आठच्या आत घरी.

मग ते पाच मिनिटांत होईना. अर्धा तास लागू लागला. मशीनच्या पडद्यावर गोल फिरत राही, मामा बाकावर बसून राहत. खानापूरहून फोन येई, निपाणीहून फोन येई. काउंटरवरच्या मुलींचे संगणकही तेवढ्यात अडकत, शेवटचं गिऱ्हाईक ताटकळे. आठ वाजले की सगळं आपोआप ठीक. सकाळी तर बघायलाच नको, पाण्यासारखं.

पहिल्यांदा दोष लाईनीला दिला. निपाणी बेळगावहून पाऊणशे किलोमीटर, मध्ये घाट, मग लाईन खराबच असणार, असा हिशेब. लाईनवाले आले, तपासून गेले, लाईन चांगली निघाली. शिवाय मामांचं मशीन तर सर्व्हरपासून वीस पावलांवर होतं, तेही तसंच रखडायचं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आणून द्यायचं कुणी, हा प्रश्न होता.

सॉफ्टवेअर दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीचं. ते टॉमकॅटवर चालायचं. ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: पडद्यावर आपण बटण दाबतो ते एक टोक, पैशांच्या नोंदी असतात तो डेटाबेस दुसरं टोक, आणि दोघांच्या मध्ये बसून विनंत्या घेणारा, त्या तडीस नेणारा तो अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. टॉमकॅट त्यातलाच, १९९९ पासून अपाची संस्थेकडं असलेला, फुकट मिळणारा आणि जगभर वापरला जाणारा. एका वेळी २०० विनंत्या हाताळायची तजवीज त्यात मुळातच असते. डेटाबेसकडं जाणाऱ्या जोडण्या मात्र मोजक्या ठेवतात, कारण प्रत्येक जोडणी डेटाबेसच्या डोक्यावर ओझं टाकते. सोसायटीत त्या वीस होत्या.

कंपनी दर महिन्याला रिपोर्ट पाठवायची. त्यात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, सरासरी प्रतिसाद अर्ध्या सेकंदाच्या आत. खोटं काही नव्हतं. दिवसभराच्या हजारो किरकोळ विनंत्या, बाकी बघणं, पासबुक छापणं, त्यात संध्याकाळचा तो एक तास मिसळला की आकडा गोड दिसायचाच. सरासरी हा आकडा कुणी शोधला असेल तो असो, पण तक्रार मिटवायला याच्यासारखं दुसरं हत्यार नाही. ज्या अर्ध्या तासात साठ माणसं बाकावर बसतात त्याच अर्ध्या तासाचा आकडा वेगळा काढा म्हणावं, असं मॅनेजरना सुचलं नाही आणि कंपनीला सुचायचं कारण नव्हतं.

वार्षिक सभा तोंडावर आली तेव्हा चेअरमननी मनावर घेतलं. चेअरमन खालच्या कापडाच्या दुकानाचे मालक, हाताचे सढळ, बोलायला रोखठोक.

"चोवीस साली गांधीजी आले तेव्हा टिळकवाडीत विहीर खणली, ठाऊक हाय न्हवं?" ते मीटिंगमध्ये म्हणाले. "गर्दी येणार म्हणून आधीच खणली. शंभर वर्षं झाली, अजून लोकं बघायला जात्यात. आपण काय करूलाव? गर्दी झाली की फोन करूलाव. मोठा सर्व्हर घ्या. हप्त्यानं घ्या, पर घ्या."

विहिरीची गोष्ट खरी आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी खणलेली विहीर, पंपा सरोवर म्हणून, टिळकवाडीत अजून आहे. लोक काँग्रेस विहीर म्हणतात. चेअरमनचा दाखला असा बिनतोड होता की कुणी काही बोललं नाही. ठराव पास झाला.

नवा सर्व्हर आला. नारळ फुटला, कुंदा वाटला. मेमरी चौपट. कंपनीच्या माणसानं दूरवरून बसून टॉमकॅटच्या २०० चे १,००० केले आणि डेटाबेसच्या जोडण्या २० च्या १०० केल्या. आणि खरोखरच फरक पडला. त्या संध्याकाळी काउंटरवरच्या मुलींचे संगणक अजिबात अडकले नाहीत. पैसे काढायला आलेलं शेवटचं गिऱ्हाईक दोन मिनिटांत जिना उतरलं. मॅनेजरनी चेअरमनना फोन करून सांगितलं, साहेब, काम झालं.

पिग्मीची मशीनं मात्र तशीच गोल फिरत होती. पण आता सर्व्हर चांगला हे सिद्ध झालं होतं. मग उरलं कोण? पिग्मीवाले. मशीन नीट लावत नसतील, चार्जिंग करत नसतील, म्हातारी माणसं आहेत, बटणं चुकीची दाबत असतील. एक सूचना काढून भिंतीला लावली, मशीनची काळजी घ्यावी म्हणून.

महिना उलटला आणि खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून तक्रार आली.

दुकान दोघा भावांचं. गल्ल्यावर कधी थोरला, कधी धाकटा. पिग्मी कधी पाचशे, कधी हजार, जसा धंदा होईल तशी. पावती थर्मल कागदाची, फ्रिजवर चिकटवली तरी महिन्याभरात पांढरी पडते, म्हणून थोरल्यानं पावत्या ठेवणं सोडलं होतं. तो मोबाइलवरचे मेसेज मोजायचा. महिनाअखेर त्यानं मेसेजची बेरीज केली, पासबुक भरून आणलं, आणि साडेचार हजारांचा फरक निघाला. मेसेज जास्त सांगत होते, पासबुक कमी. कुठल्या दिवशी कुणी किती दिले हे दोघा भावांना छातीठोक सांगता येईना. पण मेसेज तर सोसायटीचेच होते!

"तीस वर्षं ओळखतो ओ मामांना," थोरला मॅनेजरना म्हणाला. "म्हणून तर पोलिसात गेलो न्हाई."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गणपत गल्लीत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी मामांना तीन दुकानांत, उद्या या, असं सांगितलं गेलं. पिग्मीवाल्याकडं विश्वासाशिवाय विकायला दुसरं काही नसतं. मॅनेजर वाईट माणूस नव्हते, पण नियम होता. चौकशी पुरी होईतो मामांचं कमिशन थांबवलं आणि सिस्टीमच्या मुलीला सांगितलं, त्या दुकानाच्या मेसेजचा रिपोर्ट काढ, पुरावा म्हणून लावायचा आहे.

ही मुलगी वडगावची. घरी माग, वडील पॉवरलूमवर साड्या काढणारे. इथल्याच कॉलेजात इंजिनियर झाली आणि पुण्याला न जाता सोसायटीत चिकटली, त्याबद्दल घरी अजून कुरबुर चाले. तिचं काम म्हणजे प्रिंटर अडकला की काढणं आणि कंपनीला फोन लावणं. सर्व्हरची खोली झाडायला उघडायची ती तीच. सगळे तिला ताई म्हणत.

तिनं रिपोर्ट काढला. भांड्यांच्या दुकानाला महिन्यात नऊ वेळा दोन-दोन मेसेज गेले होते. नऊ पाचशे साडेचार हजार. हिशेब जुळला, म्हणजे मॅनेजरना हवा होता तो पुरावा मिळाला. तिनं कागद लगेच दिला नाही. दोन मेसेजमध्ये अंतर वीस-बावीस सेकंदांचं, पावतीचा नंबर एकच, आणि नऊच्या नऊ वेळा घड्याळ सव्वासात ते साडेसातच्या मध्ये. एकच पावती माणूस दोनदा कशी फाडेल? तिनं मग सगळ्या गिऱ्हाइकांची यादी काढली. दोनदा गेलेले मेसेज सगळ्याच पिग्मीवाल्यांचे होते, पण मामांचे सर्वांत जास्त. सकाळी, दुपारी एकही नाही. नवा सर्व्हर येण्याच्या आधीही एकही नाही.

तिनं मामांना गाठलं. ते बाकावर बसले होते, मशीन वायरीला, नजर मशीनवर.

"मामा, हे गोल फिरत असतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"बघत बसतोय की. दुसरं काय काम हाय?"

"काय दिसतं?"

मामांनी तिच्याकडं पाहिलं. गेल्या महिन्याभरात त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, विचारलं कुणी नव्हतं. मग त्यांनी वही उघडली.

"हे बघ बाळ. ह्या म्हाताऱ्या भाजीवाल्या हाईत न्हवं, रविवार पेठेच्या तोंडाला बसत्यात, त्यांच्याकडं फोन न्हाई. त्यांची नावं सटासट जात्यात. एक, दोन, तीन. मग फोनवाल्याचं नाव आलं की थांबलं. आधी असं न्हवतं, आधी सगळीच थांबायची. नवीन सर्व्हर आल्यापासनं म्हाताऱ्या सुटल्या, बाकीचे तसेच." वहीत त्यांनी फोन नसलेल्यांच्या नावापुढं बारीक टिंब दिलं होतं. "आनी आणखी एक. परवा इथं बसलो हुतो, मशीन फिरत हुतं, तेवढ्यात त्या बांगडीवालीचा फोन आला, मामा, मेसेज आला, पैसे पोचले. मी म्हटलं, अगं पोचले कुठले, हितं अजून फिरूलंय."

वाचकहो, मामांना जोडणी म्हणजे काय ठाऊक नव्हतं. पण नोंद पुरी होण्याआधी मेसेज निघतोय, हे त्यांनी नुसतं बघून ओळखलं होतं. कंपनीच्या रिपोर्टात यातलं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला ती सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसली. आधी साध्या गोष्टी बघितल्या. सीपीयू नऊ टक्के. मेमरी निम्म्याहून जास्त रिकामी. डिस्क शांत. मग डेटाबेस. मायएसक्यूएल रेंगाळणाऱ्या क्वेरींची वेगळी वही ठेवू शकतो, पण मुळात दहा सेकंदांच्या वर लागले तरच नोंद करतो. तिनं ती मर्यादा एक सेकंदावर आणली. वही कोरीच राहिली. म्हणजे डेटाबेसही निर्दोष. साठ माणसं ताटकळलेली आणि घरात कुणालाच काम नाही, असा तो प्रकार होता.

मग टॉमकॅट. तो ज्या भाषेत लिहिलाय त्या जावाबरोबर एक छोटं साधन येतं, जेस्टॅक. ते चालवलं की त्या क्षणी आत कोणतं काम कुठल्या ओळीवर उभं आहे याची यादी मिळते. एका यादीवरून काही कळत नाही. त्या क्षणी कुणीही कुठंही असू शकतं. तिनं सात वीसला दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं तीन याद्या काढल्या आणि छापून टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या. पन्नासच्या वर कामं तिन्ही याद्यांत एकाच जागी उभी होती. डेटाबेसशी बोलत नव्हती, गणित करत नव्हती. बाहेरच्या कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत होती. ओळीच्या खाली दोन पायऱ्यांवर कारणही लिहिलेलं होतं: मेसेज पाठवणं.

आता उलगडा करायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक पावतीसाठी प्रोग्राम डेटाबेसची एक जोडणी धरायचा, रक्कम लिहायचा, मग ती जोडणी तशीच हातात ठेवून मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला निरोप द्यायचा, तिचं उत्तर येईतो थांबायचा, आणि उत्तर आल्यावर नोंद पक्की करून जोडणी सोडायचा. मेसेजवाल्याच्या करारात दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं, सेकंदाला तीन मेसेज. सोसायटीनं सगळ्यात स्वस्त योजना घेतली होती, तीही शाखा दोन असताना.

कॉलेजात तिला जॉन लिटलचा नियम शिकवला होता. १९६१ साली त्यानं सिद्ध केलेला, दिसायला इतका साधा की परीक्षेत त्याच्यावर दोनच मार्कांचा प्रश्न येतो. रांगेत सरासरी जितके उभे, ते म्हणजे दर सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला लागणारे सेकंद. तिनं तो उलटा लावला. जोडण्या वीस होत्या तेव्हा मेसेजवाल्याच्या दारात एका वेळी वीसच जण पोचायचे. वीस भागिले तीन, जवळजवळ सात सेकंद. बाकी सगळे, काउंटरवरच्या मुलींसकट, जोडणी रिकामी व्हायची वाट बघत मागं उभे. त्रास होता, पण नोंद चुकत नव्हती. जोडण्या शंभर केल्यावर मुली सुटल्या, म्हाताऱ्या भाजीवाल्या सुटल्या, आणि साठच्या साठ मशीनं एकदम मेसेजवाल्याच्या दारात. तो बापडा तरीही सेकंदाला तीनच पाठवणार. साठ भागिले तीन, वीस सेकंद.

आणि प्रोग्रामात एक मर्यादा होती. कुठलीही नोंद पंधरा सेकंदांत पुरी झाली नाही तर ती रद्द समजायची आणि मशीननं पुन्हा पाठवायची. पंचेचाळीसच्या वर मशीनं लागली की पंधरा सेकंद ओलांडले जायचे. मेसेज तोवर गेलेला असायचा, नोंद रद्द व्हायची. मशीन तीच पावती पुन्हा पाठवायचं, दुसरा मेसेज जायचा, या खेपेला नोंद पक्की. मेसेज दोन, पैसे एकदाच, आणि पासबुक अगदी बरोबर. पंचेचाळीसच्या वर मशीनं एका वेळी लागायची ती फक्त सव्वासात ते साडेसात. जे पिग्मीवाले रमतगमत पावणेआठला यायचे त्यांना हा त्रास नव्हताच. मामा वर्षानुवर्षं ठोक सव्वासातला मशीन लावत आले होते.

तिनं तीन याद्या, मेसेजचा रिपोर्ट आणि मामांची वही मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. मॅनेजरनी चेअरमनना वर बोलावलं.

"म्हंजे जोडण्या आणखी वाढवायच्या?" चेअरमननी विचारलं. "शंभरच्या दोनशे?"

"नाही साहेब. परत वीस करायच्या."

"अगं, कमी?"

"साहेब, टिळकवाडीत पाणी पाहिजे होतं म्हणून विहीर खणली. आपल्याकडं पाणी भरपूर होतं. आपण सगळ्यांना एकाच नळावर धाडूलाव."

चेअरमन दुकानदार माणूस. त्यांना लिटलचा नियम सांगायची गरज पडली नाही. त्यांनी टेबलावरची वही ओढून घेतली, टिंबं दिलेली पानं उलटली, आणि विचारलं, मामांचं कमिशन कुणी थांबवलं? मॅनेजरनी नियमाचा नंबर सांगितला. चेअरमन म्हणाले, नियम तुमच्यापाशी ठेवा, पैसे आजच्या आज द्या.

कंपनीच्या माणसानं आधी फोनवर नन्नाचा पाढा लावला. सर्व्हरवर लोड नाही, आमच्या बाजूनं सगळं हिरवं दिसतंय. तिनं म्हटलं, मलाही हिरवंच दिसतंय, आणि तीन याद्या पाठवून दिल्या. तासाभरानं त्याचाच फोन आला, या खेपेला आवाज वेगळा. बदल लहान होता. नोंद आधी पक्की करायची, जोडणी सोडायची. मेसेज एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवायचा आणि एक वेगळं काम ते मेसेज आपल्या चालीनं, सेकंदाला तीन, पाठवत राहील. मेसेजवाल्याचं उत्तर आलं नाही तर पाच सेकंदांत सोडून द्यायचं आणि मागाहून पुन्हा प्रयत्न करायचा. जोडण्या परत वीस. शिवाय सव्वासात ते साडेसातचा आकडा दर महिन्याच्या रिपोर्टात वेगळा द्यायचा, असं तिनं मॅनेजरच्या सहीनं लेखी मागून घेतलं. या शेवटच्या गोष्टीला कंपनीनं सगळ्यात जास्त दिवस लावले.

आता मामांचं मशीन सव्वासातला लागतं आणि मिनिटभरात मोकळं होतं. मेसेज आठपर्यंत येत राहतात. उशिरा येतो म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केलेली नाही, यावरून ज्या मेसेजपायी साठ माणसं अडली त्याची घाई किती जणांना होती ते दिसतं.

चेअरमन स्वतः भांड्यांच्या दुकानात जाऊन आले. थोरला भाऊ म्हणाला, आमचा संशय कधी नव्हताच ओ, आम्ही नुसतं विचारलं. धाकट्यानं चहा मागवला. पण गणपत गल्लीतल्या त्या तीन दुकानांपैकी एकानं मामांकडं पिग्मी पुन्हा सुरू केली नाही. त्याला खरं काय झालं ते सांगितलंय, त्याला पटलंयही. तो म्हणतो, आता दुसऱ्याकडं लावली, असू दे.

मामा वहीत वेळ लिहितात. फरक इतकाच, की आता महिन्यातून एकदा ताई ती वही मागून नेते, आणि मॅनेजर ती बंद करा म्हणत नाहीत.

नवा सर्व्हर परत घ्यायला विकणारा तयार झाला नाही. तो एसीच्या खोलीत आहे, भर संध्याकाळी दहा टक्क्यांच्या वर जात नाही, आणि त्याचे हप्ते अजून दोन वर्षं जायचे आहेत. काउंटरवर मात्र मराठीत आणि कानडीत एक पाटी लागली आहे: मेसेज म्हणजे पावती नव्हे, महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावे. तुमची पिग्मी कुठंही असो, तुम्हीही घ्या. आणि फरक निघालाच तर पिग्मीवाल्याचं नाव घेण्याआधी दोन्ही मेसेजची वेळ तेवढी बघा.